अंग बाहेर येते? लाजू नका, लपवू नका!



काही दुखणी घरातसुद्धा बोलली जात नाहीत. अंग बाहेर येणे, म्हणजेच मायांग उतरणे, हे त्यातलेच एक. बाई वर्षानुवर्षे सोसते आणि नवऱ्यालाही सांगत नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधल्या स्त्रियांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ जणी होत्या.

हे कशाने होते?

बाजेचा सुंभ सैल पडला की बाज मध्येच खाली लोंबते. तसेच ओटीपोटातही होते. गर्भाशय, लघवीची पिशवी व गुदाशय यांना खालून स्नायूंचा आधार असतो. हा आधार सैल पडला की अंग खाली सरकते. लागोपाठची बाळंतपणे, वेळेआधी जोर करायला लावणे, ओली बाळंतीण असताना डोक्यावर ओझे घेणे, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ ही त्याची मुख्य कारणे आहेत. यात बाईचा काहीही दोष नाही.

ओळखावे कसे?

खाली जड वाटते व गोळा हाताला लागतो. कंबर भरून येते. खोकताना लघवी होते, किंवा लघवी पुरती होत नाही. संध्याकाळी त्रास वाढतो आणि आडवे पडले की कमी होतो.

दर वेळी पिशवी काढावी लागते का?

नाही! बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. शासनाने त्यासाठी समितीही नेमली. पिशवी काढल्यावरही योनीच्या भिंती खाली येऊ शकतात. म्हणून आधी साधे उपाय करून पाहावेत.

त्रास थोडा असेल तर व्यायाम करा. लघवी रोखताना आवळतो तसे अंग आवळा, पाच ते दहा अंक मोजा आणि सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन-चार महिने करा.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर ‘पेसरी’ बसवतात. ही सिलिकॉनची मऊ कडी असते. ती योनिमार्गात बसवली की अंग वर उचलून धरते. चिरफाड नाही, भूल नाही. तपासून मापाची कडी निवडतात. कडी बसवल्यावर तिथेच चालून, उकिडवे बसून, खोकून पाहा. लघवी करूनच घरी निघा. कडी नीट बसली तर ती जाणवतसुद्धा नाही. खुपली, निसटली किंवा लघवी अडली तर लगेच परत जा, माप बदलून मिळते.

हे ध्यानात ठेवा

१. डॉक्टर सांगतील त्या तारखेला कडी दाखवा, साधारणपणे तीन ते सहा महिन्यांनी. कडी काढून, साबण-पाण्याने धुऊन पुन्हा बसवतात. ही रीत तुम्हालाही शिकता येते.
२. कडी आत विसरू नका. वर्षानुवर्षे तशीच राहिली तर जखम होते, मोठी इजाही होते.
३. घाण वास, रक्त, ताप किंवा पोटदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
४. कापडाचा बोळा, तुरटी, झाडपाला स्वतः आत भरू नका.
५. गोल कडी असताना सहसा पतिपत्नीचा संबंध ठेवता येतो. काही प्रकारच्या पेसरी मात्र आधी काढाव्या लागतात. डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

ही कडी म्हणजे तांबी नव्हे!

पेसरीने गर्भ राहायचा थांबत नाही. पाळणा लांबवायचा असेल तर निरोध, गोळ्या, अंतरा इंजेक्शन यांपैकी काय योग्य ते डॉक्टरांना विचारा. दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा. त्याने सैल पडलेल्या अंगाला सावरायला वेळ मिळतो. कुटुंब पुरे झाले असेल तर पुरुष नसबंदी ही सोपी शस्त्रक्रिया आहे. घरधन्याने पुढे व्हावे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

कोयता घेऊन निघण्याआधी कडी तपासून घ्या. कडीचे माप आणि पुढची तारीख लिहिलेला कागद सोबत न्या, म्हणजे परमुलखातला डॉक्टरही ती पाहू शकेल. आणि कारभाऱ्यांनो, मोळी उचलायचे काम तुम्ही घ्या. कडी लावली म्हणून डोक्यावरचे ओझे हलके होत नाही.

आज काय कराल?

आधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा. त्या तुम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतील. तिथे पेसरी नसेल तर अंबड किंवा जालन्याच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी देतील. दोघांनी मिळून जा. बैल लंगडला तर आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. मग घरच्या लक्ष्मीने का थांबावे?