विरजण कुठून आणायचं?

लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिलेला असतो, हे वाचायला मौजेचं वाटतं. सोर्सवरून तो बांधायला बसलं की त्या वाक्याचा अर्थ कळतो. मला तीन संध्याकाळी लागल्या.

मी एसबीसीएल बांधत होतो. पूर्ण नाव स्टील बँक कॉमन लिस्प. कार्नेगींचं पोलाद आणि मेलनची बँक, अशी ती गंमत. कारण १९९९ साली विल्यम न्यूमन यांनी तो कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सीएमयूसीएलमधून वेगळा काढला. दुसऱ्या एखाद्या कॉमन लिस्पवरूनही तो सरळ बांधता यावा, हा त्यामागचा मोठा हेतू. आणि मी अडलो नेमका तिथेच.

सवयीने ‘मेक’ टाइप केलं, तर मेकफाइलच नाही. इथे मेक.एसएच ही स्क्रिप्ट चालवायची असते. तीही थांबली: होस्ट लिस्प सापडत नाही. दही लावायला आधी चमचाभर दही लागतं, तसंच हे. जुना एसबीसीएल, सीएमयूसीएल, क्लिस्प, ईसीएल, यांतलं काहीतरी मशीनवर आधीपासून हवं. मी लिनक्सच्या पॅकेजमधून एसबीसीएल घेतला. विरजण फार जुनं असेल तर नवा सोर्स त्यावर लागत नाही, एवढं बघा.

मग आवृत्तीच्या क्रमांकावरून तक्रार. स्क्रिप्ट तो गिटला विचारून काढते आणि मी तर नुसती झिप उतरवली होती, तिच्यात गिटचा इतिहास कुठून असणार? एकतर रिलीजचा टारबॉल घ्या किंवा टॅगांसकट क्लोन करा.

पुढचा संदेश लिस्पवाल्यांच्या ओळखीचा: ‘हीप एक्झॉस्टेड, गेम ओव्हर’. मी लगेच मेक.एसएचला डायनॅमिक स्पेस वाढवून दिली. ढिम्म फरक नाही. ती मर्यादा तयार होणाऱ्या नव्या लिस्पची असते. दमला होता माझा होस्ट. एक्ससी-होस्ट या पर्यायात होस्टच्या आज्ञेलाच २ जीबी जोडल्यावर गाडी पुढे सरकली. बिल्ड होस्टच्या टप्प्यात पडला की टार्गेटच्या, हे आधी पाहिलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

खरी फजिती मात्र बिल्ड यशस्वी झाल्यावर. इन्स्टॉल केलं, चालवलं, तर म्हणे हा कोअर दुसऱ्या रनटाइमसाठी बांधलाय. मी क्लीन.एसएच चालवून दोनदा सगळं नव्याने बांधलं. सोर्सला, जीसीसीला, नशिबाला, सगळ्यांना बोल लावले. दोष माझ्याच बॅशआरसीमध्ये होता: कधीकाळी लिहिलेली एसबीसीएल_होमची ओळ जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत होती, म्हणून नवा रनटाइम जुना कोअर उचलत होता. ओळ काढली, नवं टर्मिनल उघडलं, प्रॉम्प्ट आला. इन्स्टॉल करण्याआधी रन-एसबीसीएल.एसएचने जागच्या जागी चालवून पाहिलं असतं, तर बिल्ड ठीक आहे हे तेव्हाच कळलं असतं.

तुमचा बिल्ड अडला तर आउटपुट फाइलमध्ये साठवा आणि पहिली चूक शोधा. शेवटच्या ओळीत बहुधा तिचे पडसादच असतात. आणि कुणाला मदत मागाल तेव्हा होस्ट कोणता, त्याची आवृत्ती कोणती आणि एसबीसीएल_होममध्ये काय आहे, हे न विचारता आधीच सांगा.