ट्रॅक्टरचा तापमान सेन्सर बसविताना गळती कशी टाळावी?

ट्रॅक्टरच्या तापमापकाचा काटा हलेनासा झाला, की आपण नवा सेन्सर आणतो आणि जुन्याच्या जागी आवळून टाकतो. काम अर्ध्या तासाचे. पण पुढे त्याच जागेतून थेंब थेंब कूलंट गळू लागते. ही गळती क्षुल्लक समजू नये. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हा सेन्सर इंजिनाच्या वरच्या भागात, थर्मोस्टॅटजवळ असतो. कूलंटची पातळी घटली की त्याचे टोक कोरडे पडते आणि इंजिन तापलेले असतानाही काटा खालीच राहू शकतो. ऐन रोटाव्हेटरच्या कामात हेड गॅस्केट जळते, तेव्हा कारण कळते. शिवाय रेडिएटरचे झाकण दर चौ. सें.मी.ला १ किलो दाब धरणारे असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. गळतीमुळे दाब टिकला नाही, तर हा फायदाही जातो.

खरेदीला जाताना जुना सेन्सर सोबत न्यावा व आटे जुळवून पाहावेत. आटे दोन प्रकारचे असतात. सरळ आट्यांच्या सेन्सरखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो. गळती तोच थांबवितो. तेथे टेप गुंडाळू नये. वॉशर मात्र दर वेळी नवा घ्यावा. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही, आणि दोन-चार रुपये वाचविण्याची ही जागा नव्हे! निमुळत्या आट्यांना वॉशर नसतो. त्यांना सीलंटचा पातळ थर पुरतो. एका तारेच्या सेन्सरचे अर्थिंग आट्यांतूनच होते. टेपचे जाड वेढे दिल्यास अर्थ तुटून काटा चुकीचे तापमान दाखवितो.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. बॅटरीची ऋण तार सोडवावी. ड्रेन कॉकमधून सेन्सरच्या खाली पातळी जाईल एवढेच कूलंट स्वच्छ भांड्यात काढावे. भांडे जनावरांपासून दूर ठेवावे. कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सेन्सर काढल्यावर बैठकीवरील गंज व जुना सीलंट फडक्याने पुसावा. तेथे राहिलेला एक कणही वॉशर टेकू देत नाही.

नवा सेन्सर प्रथम बोटांनीच फिरवावा. तीन-चार आटे सहज गेले नाहीत, तर काढून पुन्हा लावावा. पान्याने रेटू नये. पाना षट्‌कोनावरच धरावा. वॉशर टेकल्यावर थोडा ताण द्यावा आणि थांबावे. पितळेचे आटे मऊ असतात, ॲल्युमिनियमचे घर तर त्याहून नाजूक. जादा आवळण्यानेही गळती सुरू होऊ शकते.

मालवाहू पिकअपमध्ये विजेच्या पंख्याचा स्विच काही वेळा रेडिएटरच्या टाकीतच असतो. टाकी प्लॅस्टिकची असल्यास हात आणखी हलका ठेवावा. पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरी सोडविल्याशिवाय तेथे हात घालू नये.

गाळलेले कूलंट परत भरावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी टाकू नये. बॅटरीची तार जोडावी व झाकण उघडे ठेवून इंजिन मंद गतीने चालवावे. वरचा होज गरम झाला की आतील हवा बाहेर येते व पातळी उतरते. मग इंजिन बंद करून, थोडे निवल्यावर पातळी पुरी करावी आणि झाकण लावावे. गरम इंजिनावर गळलेला थेंब लगेच वाळतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सरभोवती रंगीत डाग दिसतो का ते पाहावे. डाग असल्यास अधिक न आवळता सेन्सर काढून वॉशर व बैठक तपासावी.