दुविधा, पहेली आणि अद्भुतातील भेट

मनुष्य आणि अमानुष यांची भेट हा भारतीय कथापरंपरेतील एक जुना प्रसंग आहे. या भेटीचे स्थूलमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात भेटीतून वर मिळतो. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या बंगाली कथेवरून सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये काढलेला 'गुपी गाइन बाघा बाइन' हा चित्रपट याचे उत्तम उदाहरण होय. गावातून हाकलून दिलेला एक बेसूर गायक आणि त्याच्यासारखाच एक ढोलवादक यांना रानात भुतांचा राजा भेटतो, तीन वर देतो आणि त्या दोघांचे आयुष्य पालटते. दुसऱ्या प्रकारातील भेट माणसापुढे एक प्रश्न ठेवते. त्या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यावयाचे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारातील एका राजस्थानी कथेचा आणि तिच्यावरून निघालेल्या दोन चित्रपटांचा विचार करावयाचा आहे.

कथा विजयदान देथा (१९२६–२०१३) यांची. जोधपूरजवळील बोरुंदा या आपल्या गावी राहून देथांनी लोककथा ऐकल्या आणि त्या राजस्थानीत नव्याने लिहिल्या. 'बातां री फुलवाडी' या नावाने त्यांचे चौदा खंड निघाले. १९७४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा राजस्थानी भाषेसाठीचा पुरस्कार मिळाला. लोककथेचे केवळ संकलन करणाऱ्यांपैकी देथा नव्हेत. ऐकलेल्या कथेचा सांगाडा ते राखतात आणि पात्रांच्या मनातील व्यवहार स्वतःचा घालतात. 'दुविधा' ही कथा याच रीतीची आहे.

लग्न लागून वऱ्हाड परतत असताना वाटेत एका झाडाखाली विसावते. त्या झाडावरील भूत नवरीला पाहते आणि तिच्यावर अनुरक्त होते. नवरा मात्र हिशेबात गढलेला आहे. वाटेवरील लाल रानफळे खाण्याची नवरीची इच्छा त्याला गावंढळपणाची वाटते. घरी पोचताच तो पित्याच्या आज्ञेने पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते आणि रोज सोन्याच्या मोहरा देण्याचे कबूल करून सासऱ्यास वश करते. पुढे खरा नवरा परततो. दोघांतला खरा कोण, हे कोणासच सांगता येत नाही. न्यायासाठी राजाकडे निघालेल्या या मंडळींना वाटेत एक मेंढपाळ भेटतो. तो भुताला युक्तीने आपल्या पाण्याच्या कातडी पिशवीत शिरावयास लावतो आणि तिचे तोंड आवळून टाकतो.

या कथेत भेटी तीन आहेत : झाडाखालची, रात्रीच्या दालनातली आणि मेंढपाळाची. पहिलीत भूत पाहते आणि स्त्रीला त्याची वार्ताही नसते. तिसरीत मेंढपाळ निवाडा करतो आणि स्त्रीला कोणी काही विचारीत नाही. मधली भेट मात्र निराळी आहे. साऱ्या घराला फसविणारे भूत तिच्यापाशी येताच खरे बोलते. आपण तिचा नवरा नाही हे ते सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपविते. ज्या स्त्रीच्या लग्नात, पाठवणीत आणि विरहात तिचे मत कोणी घेतले नाही, तिला प्रथमच कोणीतरी विचारते, आणि तो विचारणारा मनुष्य नसतो. कथेतील खरे अद्भुत येथे आहे. रूपपालट हे त्याचे केवळ निमित्त होय.

रूपपालटाचा हा धागा आपल्या परंपरेत फार मागे जातो. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवरास चार देव नलाचे रूप घेऊन बसतात. दमयंती त्यांनाच सत्याची शपथ घालते. मग ज्याची सावली पडते, ज्याला घाम येतो, ज्याच्या पापण्या लवतात आणि ज्याचे पाय भूमीला टेकतात, त्या नलाला ती ओळखते आणि वरते. तेथे ओळखण्याचा आणि निवडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे, म्हणजे वधूकडे आहे. 'दुविधे'त हे दोन अधिकार वेगळे झाले आहेत. निवड स्त्रीने रात्री, बंद दालनात केलेली असते. ओळख मात्र दिवसाउजेडी, चारचौघांत, एका परक्या पुरुषाकडून ठरविली जाते. शिवाय ओळखीची कसोटीच अशी आहे की तीत भुताचे प्रेम हेच त्याच्या नाशाचे कारण ठरते. जो खरा प्रेमी तो पिशवीत शिरेल, असे म्हणताच भूत तीत शिरते.

मणी कौल यांनी १९७३ मध्ये 'दुविधा' हा चित्रपट काढला. त्याचे चित्रीकरण बोरुंद्यातच झाले. या चित्रपटासाठी कौल यांना सर्वोत्तम दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवरा आणि भूत ही दोन्ही कामे रवी मेनन यांनी केली असून नवरीचे काम रईसा पदमसी यांनी केले आहे. चित्रपटात भूत दाखविण्यासाठी कसलीही चमत्कृती योजलेली नाही. पांढऱ्या भिंती, लाल वस्त्रे, मध्येच थांबलेली चित्रे, थोडके संवाद आणि पात्रांच्या मनातले बोलणारा अलिप्त आवाज एवढ्यावर सारे उभे आहे. तोंडी कथा सांगणारा जसा पात्र आणि श्रोता यांच्यामध्ये उभा असतो, तसा हा आवाज उभा राहतो. स्त्रीचा चेहरा आपण पाहतो, तिचे मन मात्र दुसरीकडून ऐकतो. तिचा शब्द तिच्यापासून काढून घेतला गेला आहे, हे सांगण्याचा हा एक मार्ग आहे. शेवटी ती न निवडलेल्या पुरुषाबरोबर राहते आणि प्रेक्षकाला कोणतेही सांत्वन मिळत नाही.

याच कथेवरून अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये 'पहेली' काढला. त्याची पटकथा संध्या गोखले यांची आहे. त्या वर्षी भारताने ऑस्करसाठी पाठविलेला चित्रपट हाच होता. येथे रंग, गाणी आणि नृत्ये आहेत. कथा सांगण्यासाठी कठपुतळ्या असून त्यांना नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचा आवाज आहे. मात्र चित्रपट केवळ नटवा आहे असे म्हणून हातावेगळा करणे योग्य होणार नाही. पालेकरांनी यापूर्वी २००३ मध्ये सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावरून 'अनाहत' हा मराठी चित्रपट केला होता. त्यात नियोगासाठी एका रात्रीपुरता परपुरुष निवडण्याची आज्ञा झालेली राणी सकाळी परतते ती स्वतःच्या देहाची जाण घेऊन, आणि राजसभेला तिला तोंड देता येत नाही. 'पहेली'त भूत खरे सांगते त्या दृश्याला जे वजन आले आहे, त्यामागे हा पूर्वविचार दिसतो.

फरक शेवटात आहे. 'पहेली'त भूत पिशवीतून सुटून नवऱ्याच्या देहात शिरते आणि स्त्रीला तिचा प्रियकर परत मिळतो. दोन्ही चित्रपटांच्या नावांतच हा भेद सामावला आहे. दुविधेला उत्तर नसते. पहेलीला, म्हणजे कोड्याला, उत्तर असावेच लागते. पालेकरांनी स्त्रीच्या निवडीला न्याय दिला हे खरे. परंतु तो न्याय समाजाला कळत नाही. घराच्या दृष्टीने तिचा नवराच तिच्याजवळ आहे, म्हणून कोणाला काही बदलावे लागत नाही. सुख तिला मिळते, पण ते एका गुपिताच्या आधाराने. कौल यांच्या चित्रपटात तिला सुख मिळत नाही. मात्र तिच्यावर अन्याय झाला हे झाकूनही टाकता येत नाही.

ही अडचण राजस्थानी कथेपुरती मर्यादित नाही. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांवरून गिरीश कार्नाड यांनी १९८८ मध्ये 'नागमंडल' लिहिले आणि १९९७ मध्ये टी. एस. नागाभरण यांनी त्यावर चित्रपट केला. तेथे नाग नवऱ्याचे रूप घेऊन राणीकडे येतो, पण आपण कोण हे तिला सांगत नाही. पुढे दिव्याच्या वेळी ती नागाला हातात धरून म्हणते की पती आणि हा नाग यांखेरीज आपण कोणाला स्पर्श केलेला नाही. ते अक्षरशः खरे असते आणि गाव तिला देवी मानते. गावाला तिचे सत्य पेलते ते तिला देवपण दिल्यावरच. नाटकात कार्नाडांनी एका शेवटावर समाधान मानलेले नाही. कथा संपली असे वाटताच ती पुन्हा पुढे नेली जाते. याचे कारण असे दिसते की भेटीत उठलेला प्रश्न कोणत्याच शेवटात पुरता सामावत नाही.

साहित्यकृतीवरून निघालेल्या चित्रपटाचे परीक्षण करताना तो मूळाशी किती प्रामाणिक आहे, हे आपण प्रथम पाहतो. लोककथेच्या बाबतीत ही कसोटी अपुरी पडते, कारण मूळच सांगणाऱ्यागणिक बदलत आलेले असते. अशा ठिकाणी विचारावयाचे ते एवढेच : त्या रात्री दालनात स्त्रीला जो प्रश्न विचारला गेला, तो सकाळी चारचौघांत कोणी पुन्हा विचारतो काय? देथांच्या कथेत, दोन्ही चित्रपटांत आणि गावाने देवी ठरविलेल्या राणीच्या बाबतीतही, तो कोणी विचारीत नाही. दमयंतीला जे भर सभेत करता आले, ते या नायिकांना एका भुताच्या वा नागाच्या सहवासातच शक्य होते. आपल्या अद्भुतकथांना अमानुषाची गरज का भासते, याचे उत्तर बहुधा येथेच शोधावे लागेल.