पिकाची हाक आणि मित्रकीटक

पिकावर दिसणारा प्रत्येक कीटक हा शेतीचा शत्रूच, असा समज अद्यापि आढळतो. वस्तुतः गांधीलमाशीच्या जातकुळीतील असंख्य सूक्ष्म कीटक पिके कुरतडणाऱ्या अळ्यांवरच जगतात. त्यांना परोपजीवी कीटक म्हणतात. मादी अळीच्या शरीरात अंडे घालते. त्यातून निघालेले पिलू अळीला आतून खाऊन वाढते व अखेरीस अळी मरते.

परंतु दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या या कीटकाला विस्तीर्ण शेतात नेमकी अळी सापडते कशी? अळी लहान, पानाआड दडणारी. तिचा स्वतःचा वासही अत्यल्प. पिकाचा गंध मात्र वाऱ्याबरोबर दूरवर पोहोचतो. या गंधातच कोड्याचे उत्तर दडलेले आहे.

टर्लिंग्ज, टम्लिन्सन व लुईस या शास्त्रज्ञांनी १९९० साली अमेरिकेत मक्याच्या रोपांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. स्पोडोप्टेरा वर्गातील अळीने कुरतडलेली रोपे काही तासांनी टर्पिनॉइड नावाची गंधद्रव्ये विपुल प्रमाणात हवेत सोडतात आणि कोटेशिया जातीची मादी त्या गंधाच्या रोखाने येते, असे त्यांना आढळले. रोपाला केवळ ओरखडे काढले असता ही द्रव्ये तितक्या प्रमाणात निघाली नाहीत. ओरखड्यांवर अळीच्या तोंडातील स्राव लावताच मात्र ती निघू लागली. अर्थात, रोप साधी जखम आणि अळीचा दंश यांतील फरक ओळखते. १९९७ मध्ये या स्रावातील व्होलिसिटिन हे प्रेरक द्रव्य वेगळे करण्यात आले.

१९९८ मधील आणखी एका संशोधनात असे दिसले की, तंबाखू, कापूस व मका ही पिके वेगवेगळ्या अळ्यांच्या हल्ल्यात वेगवेगळी गंधमिश्रणे सोडतात आणि कार्डिओचाइलिस हा कीटक त्यांतून आपली नेमकी अळी ओळखतो. शिवाय असे कीटक अनुभवाने शिकतात: एकदा अळी सापडली की तिच्याशी निगडित गंध पुढील शोधात उपयोगी पडतो.

या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली. तीही स्पोडोप्टेरा वर्गातीलच. आपल्याकडे हरभऱ्यावरील घाटेअळीत अंडी घालणारा कॅम्पोलेटिस हा परोपजीवी कीटक या अळीवरही आढळला आहे. मात्र सरसकट सर्व कीटक मारणारे औषध वारंवार फवारल्यास अळीबरोबर हे साहाय्यकही नष्ट होतात. मग पिकाने हाक दिली तरी धावून येणारा कोणी उरत नाही आणि पुढील अळ्यांना मोकळे रान मिळते.

म्हणून फवारणीपूर्वी शेताची पाहणी करणे, किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे काय हे तपासणे आणि औषधाची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी शेतातील काही अळ्या पानांसह काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ फडके बांधावे. एखाद्या अळीतून पतंगाऐवजी चिमुकली माशी बाहेर पडल्यास ती सर्वांना दाखवावी. पंचायत सदस्यांनीही ती बरणी ग्रामसभेत ठेवावी. शेतातील मित्र एकदा डोळ्यांनी पाहिला की तो राखण्याची निकड वेगळी पटवून द्यावी लागत नाही.