जाहिरातपटाची लांबी

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती दाखविण्यास प्रारंभ झाला, तेव्हा जाहिरातपटाची लांबी विकत घेतलेल्या सेकंदांवरून ठरत असे. इंटरनेटवर हे बंधन सैल झाले. परंतु त्याचबरोबर जाहिरात वगळण्याचा अधिकार प्रेक्षकाच्या हाती आला. यूट्यूबने २०१० मध्ये ५ सेकंदांनंतर जाहिरात वगळण्याची सोय केली आणि २०१६ मध्ये ६ सेकंदांपर्यंतची, वगळता न येणारी जाहिरात आणली.

मग योग्य लांबी कोणती? ती हेतूवरून ठरते. परिचित वस्तूच्या नावाचे स्मरण करून द्यावयाचे असेल, तर ६ सेकंद पुरतात. वस्तूचा उपयोग शिकवावयाचा असेल, तर प्रत्येक कृतीस लागणारा वेळ दिलाच पाहिजे. शिवणयंत्रात दोरा ओवण्याची रीत ६ सेकंदांत कोणालाही समजणार नाही. भावना जागवावयाची असल्यास आणखी अवकाश लागतो. गूगलने २०१३ मध्ये भारतात प्रसृत केलेल्या ‘रीयुनियन’ या जाहिरातपटात, फाळणीने दुरावलेल्या दिल्ली व लाहोर येथील दोन वृद्ध मित्रांची भेट घडते. तो सुमारे साडेतीन मिनिटांचा आहे. कारण विरह जाणवल्याखेरीज भेटीचे मोल कळत नाही.

निर्मात्याने एकेक दृश्य काढून पाहावे. ते काढूनही आशय अबाधित राहत असेल, तर ते अनावश्यक समजावे. प्रेक्षकाने दिलेला वेळ त्यास परत करता येत नाही. आणि एकदा फसगत झालेला प्रेक्षक पुढील जाहिरात पाहावयास थांबत नाही.