शोकांतिका या शब्दामागे : ग्रीक व लॅटिन नाट्यसंज्ञांचा एक अभ्यास

'शोकांतिका' हा शब्द आपल्या नित्याच्या वापरात रुळलेला आहे. एखादे नाटक नायकाच्या मृत्यूने संपले की आपण त्यास शोकांतिका म्हणतो. धरण फुटले, आगगाडी घसरली, तरीही वर्तमानपत्रात हाच शब्द येतो. इंग्रजीतील 'ट्रॅजेडी' या शब्दाला पर्याय म्हणून मराठीने तो घडविला. ज्याचा अंत शोकात होतो ती शोकांतिका, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु 'ट्रॅजेडी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्यात शोकही नाही आणि अंतही नाही. मग त्यात आहे तरी काय, आणि अशी नाटके रचणाऱ्या कवीला ग्रीक व रोमन लोक कोणत्या नावाने ओळखत, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. विषय दूरदेशीचा आहे खरा. पण त्याची वाट शाळेच्या दारावरून जाते, म्हणूनच या स्मरणिकेत तो मांडावासा वाटला.

बोकडाचे गाणे

मूळ ग्रीक शब्द 'त्रागोइदिआ' असा आहे. 'त्रागोस' म्हणजे बोकड आणि 'ओइदे' म्हणजे गाणे. म्हणजे अक्षरशः अर्थ घेतला तर 'बोकडाचे गाणे'. इतक्या गंभीर नाट्यप्रकाराला असे नाव का पडावे? प्राचीन काळापासून याची तीन प्रमुख उत्तरे दिली जातात. पहिले असे की, नाट्यस्पर्धेत विजयी ठरणाऱ्यास बोकड बक्षीस मिळत असे. रोमन कवी होरेस यानेही असा उल्लेख केला आहे. दुसरे असे की, डायोनायसस या देवतेपुढे बोकडाचा बळी देताना ही गाणी म्हटली जात. तिसरे असे की, या देवतेचे सहचर मानले गेलेले अर्धे मानव व अर्धे पशू असे 'सॅटर' यांची सोंगे घेऊन गायकवृंद नाचत असे, त्यावरून हे नाव रूढ झाले. विद्वानांत याविषयी एकमत झालेले नाही. एवढे मात्र निश्चित की, नाव उत्सवातून आले, शोकातून नव्हे.

याचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ग्रीक त्रागोइदिआ शोकातच संपली पाहिजे असा दंडक नव्हता. एस्किलसचे 'युमेनिडीज' हे नाटक न्यायसभेच्या निवाड्याने आणि समेटाने संपते. युरिपिडीजच्या 'हेलन' नाटकात ताटातूट झालेले पतिपत्नी एकत्र येऊन सुखरूप निसटतात. तरीही ही नाटके त्रागोइदिआच होत. मराठी समीक्षेत काही अभ्यासकांनी 'शोकांतिका' याऐवजी 'शोकात्मिका' हा शब्द सुचविला तो याच कारणासाठी. नाटकाचा शेवट कसा होतो यापेक्षा त्याचा आत्मा कोणता आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

कवीची तीन नावे

आता कवीकडे वळू. 'त्रागोइदोस' या शब्दाचा अर्थ आरंभी वृंदातील गायक असा होता. पुढे तो नाटकातील प्रमुख नटासाठी वापरला जाऊ लागला. नाटक रचणाऱ्यास 'त्रागोइदोपोइओस' म्हणत. यातील 'पोइएइन' या धातूचा अर्थ करणे, घडविणे असा आहे. 'पोएट' हा इंग्रजी शब्दही याच धातूपासून निघाला. म्हणजे ग्रीकांच्या दृष्टीने कवी हा घडविणारा होता. कुंभार मडके घडवितो तसा तो नाटक घडवीत असे.

परंतु तिसरे नाव आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. ते म्हणजे 'त्रागोइदोदिदास्कालोस'. 'दिदास्कालोस' म्हणजे शिक्षक. लहान मुलांना अक्षरे शिकविणाऱ्यास जो शब्द, तोच नाट्यकवीला. हे केवळ गौरवाने दिलेले नाव नव्हते, तर त्यामागे प्रत्यक्ष काम होते. अथेन्सच्या वसंतोत्सवात नाटक सादर करू इच्छिणारा कवी नगराच्या अधिकाऱ्याकडे वृंदाची मागणी करी. वृंद मंजूर झाला की एखाद्या धनिक नागरिकावर त्याच्या खर्चाचा भार टाकला जाई. वृंदात प्रथम 12 व पुढे 15 जण असत. ते धंदेवाईक कलावंत नव्हते, साधे नागरिक होते. त्यांना चाली, शब्द आणि पदन्यास शिकविण्याचे काम सुरुवातीच्या काळात कवी स्वतःच करी. म्हणून 'नाटक सादर केले' असे न म्हणता ग्रीक लोक 'नाटक शिकविले' असे म्हणत. अथेन्समध्ये नाट्यस्पर्धांच्या विजेत्यांची यादी दगडावर कोरलेली होती. इ.स.पू. 472 च्या नोंदीत पेरिक्लीजने वृंदाचा खर्च उचलल्याचे लिहिले आहे आणि एस्किलसच्या नावापुढे क्रियापद आहे ते 'शिकविले' हेच. ॲरिस्टॉटलने या स्पर्धांच्या नोंदींचे जे संकलन केले त्याचे नावही 'दिदास्कालिआय', म्हणजे 'शिकवणी' असे होते.

पुढे हा शब्द वृंदापुरता राहिला नाही. ॲरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' या इ.स.पू. 405 मधील प्रहसनात एस्किलसच्या तोंडी असा विचार येतो की, बालकांना शाळेतील गुरुजी असतात, तसे प्रौढांना कवी असतात. वृंदाचा शिक्षक अशा रीतीने नगराचा शिक्षक झाला.

धडा न आवडलेले नगर

शिक्षकाचा धडा नेहमीच गोड लागतो असे नाही. इ.स.पू. 494 मध्ये इराणी सैन्याने मिलेटस हे नगर जिंकून उद्ध्वस्त केले. मिलेटसचे लोक अथेन्सवासीयांचे आप्त मानले जात. त्यानंतर फ्रिनिकस या कवीने मिलेटसच्या पाडावावर नाटक रचले व सादर केले. इतिहासकार हेरोडोटस सांगतो की, ते पाहून सारे प्रेक्षागृह रडू लागले. अथेन्सने कवीला 1000 द्राख्मांचा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणीही करू नये असा हुकूम काढला. गुन्हा कोणता? त्याने लोकांना त्यांच्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली! हेरोडोटस येथेही 'रचले आणि शिकविले' अशीच क्रियापदे वापरतो.

हा प्रसंग वाचताना आम्हांस किसा गोतमीची कथा आठवते. मृत बालकाला कवटाळून औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला भगवान बुद्धांनी, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. तिचे दुःख त्यांनी झाकले नाही. घरोघरी फिरून तिने ते ओळखावे, असे केले. आपल्या घरांतही हा प्रश्न उठतो. आजोबांनी सोसलेला अपमान नातवंडांना सांगावा, की जुनी जखम कशाला उकरावी म्हणून गप्प बसावे? अथेन्सने गप्प बसण्याचा हुकूम काढला. परंतु दंड करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. शिकविणाऱ्या फ्रिनिकसचे नाव मात्र टिकले आहे.

या शाळेची एक उणीवही सांगितली पाहिजे. उत्सवाच्या वृंदात नागरिक पुरुषच असत. गुलामांना तेथे स्थान नव्हते आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. युरिपिडीजने इ.स.पू. 415 मध्ये 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक सादर केले. त्याच्या काही महिने आधी अथेन्सने मेलॉस बेट जिंकून तेथील पुरुषांना ठार केले होते व स्त्रियामुलांना गुलाम केले होते. गुलामगिरीत नेल्या जाणाऱ्या स्त्रियांचा आक्रोश या नाटकात आहे, पण तो मुखवटे घातलेल्या स्वतंत्र पुरुषांच्या कंठातून उमटला. गुलामाचे दुःख रंगमंचावर आले. गुलाम मात्र आला नाही.

रोममधील लेखनिक

रोममध्ये ही गोष्ट पालटली. लॅटिनने ग्रीक शब्द उचलून 'त्रागोएदिआ' केला. नटाला 'त्रागोएदुस' आणि कवीला 'त्रागिकुस' म्हटले जाऊ लागले. इ.स.पू. 240 मध्ये रोमच्या उत्सवात ग्रीक नाटकावरून लॅटिनमध्ये रचलेले नाटक प्रथम सादर झाले. त्याचा कर्ता लिवियस अँड्रोनिकस. परंपरा सांगते की तो टॅरेंटमचा ग्रीक होता, गुलाम म्हणून रोममध्ये आला आणि मालकाने त्यास मुक्त केले. 'लिवियस' हे नावही मालकाच्या कुळाचे. तो शिक्षक होता. त्याने होमरच्या 'ओडिसी'चे केलेले लॅटिन रूपांतर सुमारे दोनशे वर्षांनंतर होरेसच्या बालपणीही शाळेत शिकविले जात होते.

अशा माणसाला रोमन लोक काय म्हणत? त्या काळी त्यांच्याकडे कवीला 'स्क्रिबा', म्हणजे लेखनिक, कारकून असे म्हणत. अँड्रोनिकसच्या सन्मानार्थ ॲव्हेंटाइन टेकडीवरील मिनर्व्हा देवीचे मंदिर लेखनिक व नट यांना एकत्र जमण्यासाठी देण्यात आले. ग्रीसमधील 'शिक्षक' रोममध्ये 'कारकून' झाला होता आणि नटांवर तर कायद्याने अप्रतिष्ठेचा शिक्का होता. तरीही कालच्या गुलामाला हक्काची एक जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे याच नाट्यपरंपरेत लुसियस अक्कियस हा थोर कवी झाला. त्याचे मातापिता मुक्त झालेले गुलाम होते. कवींच्या सभेत ज्युलियस सीझर स्ट्रॅबो हा उमराव कुळातील गृहस्थ येत असे. तोही नाटके लिही. तो आला की अक्कियस आसनावरून उठत नसे. व्हॅलेरियस मॅक्सिमस हा लेखक याचे कारण देतो. स्ट्रॅबोची प्रतिष्ठा अक्कियस विसरला होता असे नाही. परंतु त्या सभेत तुलना ग्रंथांची होती, पूर्वजांच्या प्रतिमांची नव्हती, आणि ग्रंथांत आपण सरस आहोत हे तो जाणून होता. म्हणूनच कोणी त्यास उद्धट म्हटले नाही.

शिकविणे हे क्रियापद

एक शब्द मात्र ग्रीसमधून रोममध्ये आला तो आपला मूळ अर्थ घेऊनच. लॅटिनमध्येही नाटक सादर करण्यास 'दोकेरे', म्हणजे शिकविणे, हे क्रियापद वापरीत. सिसेरो अँड्रोनिकसच्या त्या पहिल्या नाटकाची नोंद करतो तेव्हा त्याने ते 'शिकविले' असेच म्हणतो. समाजाने त्याला गुलाम म्हटले, पुढे मुक्त गुलाम म्हटले, मग लेखनिक म्हटले. पण त्याच्या कार्याची नोंद झाली ती शिक्षकाच्या क्रियापदाने.

याच 'दोकेरे' धातूपासून 'डॉक्टर' हा शब्द झाला आहे. त्याचा मूळ अर्थ रोग बरा करणारा असा नसून शिकविणारा असा आहे. बाबासाहेबांच्या नावाआधी आपण आदराने जो 'डॉ.' उच्चारतो, त्या एका अक्षरात हा अर्थ साठलेला आहे.

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेले कोणी आज शिक्षक आहेत, कोणी लेखनिक आहेत, कोणी कवी व कलावंत आहेत. ग्रीक आणि लॅटिन शब्दांची ही लहानशी उजळणी त्या सर्वांसाठी आहे. शोक सर्वांच्याच वाट्याला येतो. तो घडवून, शब्दांत बसवून पुढच्या पिढीला शिकविणे हे मात्र काम आहे, आणि ते काम करणाऱ्यास जगाने प्राचीन काळी 'गुरुजी' याच नावाने हाक मारली होती. पालकांनी आपली हकीगत मुलांना सांगावी, माजी विद्यार्थ्यांनी ती लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंती.

भवतु सब्ब मंगलं.