पदकाच्या अलीकडची गोष्ट

प्रश्न : आमच्या शाळेच्या कपाटात खेळाडूंवरची पुस्तकं आहेत. मी बहुतेक सगळी वाचली. आधी गरिबी, मग जिद्द, मग पदक आणि सत्कार. दोन-तीन पानं झाली की पुढचं सगळं कळतं. खेळावरची खरोखर चांगली गोष्ट कशी असते? आपल्या बीड जिल्ह्यातली एखादी आहे का? मी कबड्डी खेळते. आमच्या संघावर गोष्ट लिहावी असं मनात आहे, पण आम्ही तालुक्याच्या पुढे कधी गेलो नाही. दिवाळी झाली की संघातल्या दोघी आई-वडिलांबरोबर ऊसतोडीसाठी कारखान्याला जातात. अशा संघाची कसली गोष्ट होणार?
– एक वाचक, इयत्ता नववी, उमापूर (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : तुझी तक्रार रास्त आहे. त्या पुस्तकांतली गरिबी खरी असते, कष्टही खरे असतात. पण लिहिणारा खेळाडूच्या घरातून निघतो तो थेट पदक समारंभात पोचतो. मधला खेळ गेला कुठे? त्या दिवशी मैदानावर खेळाडूला काय दिसलं, तो कुठे चुकला, कोणत्या क्षणी त्याने काय ठरवलं, हे आलं नाही तर ती खेळाची गोष्ट होत नाही, चांगल्या वर्तणुकीचा दाखला होतो. आणि दाखले सगळ्यांचे सारखेच असतात.

बीड जिल्ह्यातली गोष्ट हवी तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याला जाऊ. अविनाश साबळे तिथला, जन्म १३ सप्टेंबर १९९४. आई-वडील शेतकरी, वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर लांब, म्हणून पोरगा चालत-पळत जायचा. एवढं प्रत्येक लेखात असतं. पण आपल्या भागात पायी शाळेला जाणारी मुलं हजारोंनी झाली आणि त्यातला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावलेला हा एक. तेव्हा नुसत्या पायपिटीने त्याची गोष्ट सांगून होत नाही.

बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. लष्कराच्या क्रॉस कंट्री शर्यती धावायला लागला तो २०१५ मध्ये, आणि ज्या प्रकारात पुढे नाव झालं त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला २०१७ मध्ये, म्हणजे बाविशी गाठल्यावर. तुझ्या वयाचा असताना तो ही शर्यत धावतही नव्हता. त्याच्या गोष्टीतलं हे पान मला फार मोलाचं वाटतं. तुम्हा मुलांना लोक सारखं ऐकवत असतात ना, की आठव्या वर्षी सुरुवात झाली नाही तर संपलंच! पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

आता स्टीपलचेस नीट समजून घे, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीन किलोमीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा होतो. स्टीपलचेसमधली जाड तुळई हलत नाही, पाय अडकला तर धावणारा पडतो. पाण्याच्या उडीला तुळईच्या पुढे हौद असतो. तुळईपासून हौदाच्या टोकापर्यंत ३.६६ मीटर. त्याचा तळ तिरका. तुळईलगत पाणी सगळ्यात खोल, आणि पुढे उथळ होत होत ते ट्रॅकला मिळतं. ज्याच्या पायांत जोर आहे तो तुळईवर एक पाय रोवून लांब झेप घेतो, उथळ पाण्यात उतरतो आणि तसाच पुढे निघतो. जो दमलाय तो जवळच पडतो, म्हणजे खोल पाण्यात, आणि तिथून बाहेर यायला त्याला आणखी ताकद घालवावी लागते. असं सात वेळा, ओल्या बुटांनी.

शिवाय घोळक्यात धावताना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. अडथळा अचानक पायाशी येतो. पुढे निघावं तर तुळई स्वच्छ दिसते, पण वारा अंगावर घ्यायचा आणि वेगही आपणच ओढायचा. मागे राहावं तर दम वाचतो, पण धडपडण्याची भीती. प्रत्येक फेरीत धावणाऱ्याला हे नव्याने ठरवावं लागतं. गोष्ट दडलेली असते ती या ठरवण्यात.

जुलै २०२२. अमेरिकेत यूजीनला जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत फार संथ निघाली, सगळे एकमेकांकडे बघत धावत होते. शेवटी वेग वाढला तेव्हा अविनाश मागे पडला. अकरावा, वेळ ८:३१.७५. त्याच वर्षी रबातला त्याने ८:१२.४८ वेळ दिली होती, म्हणजे ताकद कमी नव्हती. तसल्या शर्यतीत ती वापरायची कशी, हा प्रश्न होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला, तो बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत उभा राहिला. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीतलं एकूण एक पदक केनियाने नेलं होतं, सोनं, रुपं आणि कांस्य तिन्ही. शेजारी रिओ ऑलिम्पिकचा विजेता कॉन्सेस्लस किप्रुतो, अब्राहम किबिवोट आणि आमोस सेरेम, तिघेही केनियाचे. या वेळी अविनाश त्यांना चिकटून राहिला. शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे फक्त किबिवोट उरला, आणि अंतर पावलापावलाने कमी होत होतं. किबिवोट ८:११.१५. अविनाश ८:११.२०. रौप्य.

वही घे आणि हिशेब कर. ८:११.२० म्हणजे ४९१.२ सेकंद. ३००० मीटरला त्याने भाग दे, सेकंदाला साधारण ६.१ मीटर येतात. फरक ०.०५ सेकंदाचा, म्हणजे त्या ६.१ चा विसावा हिस्सा. उत्तर येतं ३० सेंटिमीटर, तुझ्या दप्तरातली पट्टी. शेवटी वेग वाढलेला असतो, म्हणून थोडं जास्त धर. पुस्तकं इथे ‘सुवर्णपदक थोडक्यात हुकलं’ असं लिहून पुढे जातात. मी लिहिणारा असतो तर तिथेच थांबलो असतो. ३५ उड्यांपैकी कोणत्या उडीत गेली ती पट्टी? पहिल्या फेरीत घोळक्यात बिचकला तिथे, की एखाद्या हौदात पाऊल वीतभर आत पडलं तिथे? वाचणाऱ्याला पुन्हा मागे जाऊन सगळी शर्यत बघावीशी वाटली पाहिजे.

पुढचंही सरळ रेषेत नाही. २०२३ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीही गाठू शकला नाही. दीड महिन्याच्या आत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुढे निघून एकटाच धावला आणि ८:१९.५० वेळेत सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचं हे भारताचं पहिलं सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला ८:०९.९१ असा राष्ट्रीय विक्रम केला, आणि महिनाभराने त्याच शहरात ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावणारा या शर्यतीतला पहिला भारतीय पुरुष झाला. आला अकरावा. तुझ्या कपाटातल्या पुस्तकांनी बुडापेस्ट गाळलं असतं आणि अकरावा क्रमांक एका ओळीत उरकला असता. मला तीच दोन प्रकरणं आधी वाचायला आवडतील.

त्याच्या गोष्टीतला आणखी एक प्रसंग मी एका जुन्या गोष्टीशेजारी ठेवून बघतो. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत समोरचे धावपटू धडपडले, त्यात अविनाशची वाट अडली आणि तो बाहेर फेकला गेला. भारताच्या अॅथलेटिक्स महासंघाने तिथल्या तिथे हरकत नोंदवली. चित्रफीत तपासली गेली, हरकत मान्य झाली, त्याला अंतिम फेरीत घेतलं. तो तेरावा आला, पण ८:२१.३७ वेळ देऊन नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि टोकियो ऑलिम्पिकची पात्रताही मिळवली. आता १९५२ चं हेलसिंकी बघ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती खेळून हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं केलं. नियमाने मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ते सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते खेळले, हरले आणि कांस्य घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. एकाच्या वेळी कागद घेऊन धावणारं कोणी तरी होतं, दुसऱ्याच्या वेळी कोणीच नव्हतं. खेळाच्या गोष्टीत मैदानाबाहेरची अशी माणसं यायलाच हवीत. खाशाबांचं संजय दुधाणे यांनी लिहिलेलं चरित्र मिळालं तर जरूर वाच.

क्रिकेट आवडत असेल तर बीड शहराच्या सचिन धसचा एक दिवस घे. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेने २४५ धावांचं लक्ष्य दिलेलं आणि भारत ४ बाद ३२. सचिन आणि कर्णधार उदय सहारन यांनी १७१ धावांची भागी केली. सचिन ९५ चेंडूंत ९६ काढून बाद झाला. चार धावा राहिल्या, आणि सामनाही अजून जिंकायचा होता. तो भारताने दोन गडी राखून जिंकला. शतक हुकलेला मुलगा बाहेर बसून उरलेला सामना कसा बघत असेल, एवढ्यावर एक अख्खी गोष्ट उभी राहते.

तू मुलींबद्दल विचारलं नाहीस, पण मला ते बोलल्याशिवाय राहवत नाही. कपाटातल्या त्या पुस्तकांत मुली किती होत्या, मोजून बघ. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. ते २०१६ साल, अविनाश या शर्यतीकडे वळण्याच्या आधीचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्याच बीड जिल्ह्यातली. खो-खो इतक्या वेगाचा, इतका गावागावातला खेळ, आणि त्यावर कुमारांसाठी मराठीत कादंबऱ्यांची रांग लागलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुझा संघ. वेग कागदावर कसा आणायचा हे शिकायला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाच. त्यात खेळाची स्पर्धा क्वचितच असते, पण सायकल पळते तेव्हा वाक्यंही पळतात. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत, तेही चाळ. मग मैदानाकडे वळ. तालुक्याच्या पुढे गेलो नाही, ही लिहिणाऱ्याची अडचण मुळीच नाही. संघ हरणार हे वाचणाऱ्याला कळलं तरी चालेल; पकड का सुटली, हे त्याला दिसायला हवं. चढाईला ३० सेकंद असतात. त्या ३० सेकंदांची दोन पानं लिही. समोरच्या चढाईपटूची नजर एकीकडे आणि पाय दुसरीकडे, कोपऱ्याचा हात कधी सुटला, साखळी कुठे तुटली, पायाखालची माती ओली होती की भुसभुशीत.

आणि त्या दोघी. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू एका ओळीत सांगून टाकलीस. सात जणींच्या संघातून दिवाळीनंतर दोघी जातात, हंगाम संपून पट्टा पडला की परत येतात. मधल्या महिन्यांत त्यांच्या जागा कोण धरतं? परत आल्यावर त्यांना आपली जागा मिळते का, आणि जिने ती सांभाळली तिला बाकावर बसताना काय वाटतं? दोघींतली एक डावा कोपरा धरणारी असेल तर तुमची पकडच बदलते. हे बाहेरचा लेखक लिहू शकणार नाही. बाहेरचा आला तर ऊसतोडीचं दुःख लिहील. डावा कोपरा तुलाच ठाऊक आहे.

सुरुवात कुठून करावी असं अडलं तर एक प्रसंग देतो. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. पकडीसाठी झेपावलेल्या मुलीच्या हाताला चढाईवाल्या मुलीची बोटं निसटती लागतात आणि ती परत मध्यरेषा गाठते. पंचांना दिसलेलं नाही, शिट्टी नाही, चढाई रिकामी धरली आहे. आपण बाद आहोत हे त्या पकडणाऱ्या मुलीला माहीत आहे. तिच्या शेजारी उभी आहे ती काल-परवाच कारखान्यावरून परतलेली मैत्रीण, आणि तिने स्पर्श पाहिला आहे. पुढे काय होतं ते तू ठरव. लिहून झालं की पाठव. त्या दोघी कारखान्याच्या तळावर संध्याकाळी काय खेळतात, कुणाबरोबर खेळतात, तेही त्यांना विचारून घे. ते वाचायची मला फार उत्सुकता आहे.